कोरड्या सरोवरावरची धाव : हॉट रॉड शर्यतींचा प्रारंभ

१/१२
१४ ऑक्टोबर १९४७ रोजी चक येगर या अमेरिकी वैमानिकाने ध्वनीचा वेग ओलांडला आणि त्याचे विमान म्युरॉक येथील एका कोरड्या सरोवरावर उतरले. ही घटना सर्वपरिचित आहे. मात्र त्याच भूमीवर अनेक वर्षे आधी वेगाचा आणखी एक शोध सुरू झाला होता. तो घेणारे होते लॉस एंजेलिसच्या गॅरेजांत राबणारे तरुण. हा धागा त्यांच्याविषयी.

२/१२
म्युरॉक दक्षिण कॅलिफोर्नियातील मोहावी वाळवंटात आहे, लॉस एंजेलिसपासून रस्त्याने साधारण १०० मैलांवर. सरोवराचे क्षेत्रफळ सुमारे ४४ चौरस मैल. हिवाळ्यातील पावसाचे पाणी त्यावर पातळ थराने पसरते, वारा ते इकडून तिकडे ढकलतो आणि बारीक गाळ भेगांत भरतो. उन्हाळ्यात तोच गाळ वाळून टणक होतो. अंगण सारवावे, तशी ही जमीन निसर्ग स्वतःच सारवत असतो.

३/१२
‘म्युरॉक’ या नावाची कथाही रंजक आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी येथे कोरम नावाचे कुटुंब स्थायिक झाले. पोस्ट कार्यालयासाठी त्यांनी आपलेच आडनाव सुचवले, पण तशाच नावाचे ठिकाण कॅलिफोर्नियात आधीच होते. तेव्हा आडनावाची रोमन अक्षरे उलट्या क्रमाने लिहिली गेली आणि कोरमचे म्युरॉक झाले.

४/१२
शर्यतींचे मूळ मात्र फोर्डच्या मॉडेल टी मोटारीत आहे. १९०८ ते १९२७ या काळात अशा सुमारे दीड कोटी मोटारी तयार झाल्या. इंजिन जेमतेम २० अश्वशक्तीचे, कमाल वेग ताशी ४०-४५ मैल. पुढे जुन्या मोटारी भंगाराच्या भावाने मिळू लागल्या. १९२९ नंतरच्या महामंदीत नवी मोटार घेणे ज्यांना शक्य नव्हते, त्यांना हे भंगार परवडत होते.

५/१२
कृती साधी होती. आठवडाभर जी मोटार कामावर नेआण करी, तिचेच मडगार्ड, छत, दिवे आणि पुढची काच सरोवरावर पोचताच उतरवायची. वजन घटले की वेग वाढे. एड विनफिल्ड यांच्यासारख्या कारागिरांचे कार्ब्युरेटर आणि कॅमशाफ्ट बसवले की तो आणखी वाढे. १९३२ मध्ये फोर्डने ६५ अश्वशक्तीचे व्ही-८ इंजिन आणले आणि आठ सिलिंडरांची ताकद सामान्यांच्या आवाक्यात आली. शर्यत संपली की काढलेले भाग पुन्हा जोडून त्याच मोटारीने घरी परतायचे.

६/१२
या खेळाचा खरा शत्रू होता धूळ. १९३१ मध्ये गिलमोर या तेल कंपनीच्या पुरस्काराने म्युरॉकला नियमबद्ध वेगचाचण्या झाल्या. तरीही अनेक मोटारी एकाच वेळी, शेजारी शेजारी सोडण्याची प्रथा टिकून होती. जो पुढे असे त्यालाच वाट दिसे. मागचे सारे चालक धुळीच्या भिंतीत आंधळेपणाने गाडी हाकत. अपघात झाले, माणसे दगावली.

७/१२
हे असेच चालू राहिले असते, तर खेळावर बंदी येणे अटळ होते. म्हणून नोव्हेंबर १९३७ मध्ये काही स्थानिक क्लबांनी एकत्र येऊन सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन, म्हणजेच ‘एससीटीए’, स्थापन केली. मे १९३८ मध्ये तिची पहिली स्पर्धा म्युरॉकलाच झाली. मोटारींची तपासणी, वेगमापन आणि वर्गवारी यांना शिस्त आली. पुढे एका वेळी एकच मोटार आणि स्पर्धा केवळ घड्याळाशी, ही पद्धत रूढ झाली.

८/१२
म्युरॉकवर आणखी एकाची दृष्टी होती. १९३३ पासून लष्कराच्या हवाई दलाने तेथे बॉम्बफेकीचा सराव आरंभला होता. दुसऱ्या महायुद्धात सरोवर शर्यतींना बंद झाले आणि अनेक तरुण आघाडीवर गेले. त्या काळात वीडा ऑर यांनी ‘एससीटीए न्यूज’ हे वार्तापत्र चालू ठेवले आणि ते सैनिकांपर्यंत पोचवले. त्या स्वतः या सरोवरांवर मोटार पळवत. एससीटीएच्या स्पर्धेत उतरलेल्या त्या पहिल्या महिला मानल्या जातात.

९/१२
युद्ध संपले, पण म्युरॉक परत मिळाले नाही. शर्यती एल मिराज या दुसऱ्या कोरड्या सरोवरावर भरू लागल्या. लष्कराने जागा घेतली, पण त्याच लष्कराचे भंगार कामी आले. १९४६ मध्ये बिल बर्क यांनी लढाऊ विमानाच्या पोटाखाली लटकवायच्या इंधनटाकीलाच मोटारीचा सांगाडा केले. थेंबासारख्या आकारामुळे हवेचा अडथळा कमी होई, आणि युद्धानंतर अशा टाक्या स्वस्तात मिळत.

१०/१२
१९४८ मध्ये स्टुअर्ट हिलबोर्न यांच्या मोटारीने याच सरोवरांवर ताशी १५० मैलांची, म्हणजे सुमारे २४१ किलोमीटरची, मर्यादा ओलांडली. तिच्यात कार्ब्युरेटरऐवजी त्यांनी स्वतः घडवलेली इंधन-अंतःक्षेपण यंत्रणा होती. पुढे इंडियानापोलिसच्या व्यावसायिक शर्यतींतही हिलबोर्न यांची यंत्रणा सर्रास वापरली जाऊ लागली.

११/१२
शहरात मात्र ‘हॉट रॉड’ हा शब्द रस्त्यावरील बेफाम पोरांसाठी शिवीसारखा वापरला जाई. ही प्रतिमा पुसण्यासाठी एससीटीएने जानेवारी १९४८ मध्ये लॉस एंजेलिसला प्रदर्शन भरवले. रॉबर्ट पीटरसन यांच्या ‘हॉट रॉड’ मासिकाचा पहिला अंक त्याच सुमारास निघाला. १९४९ मध्ये युटातील बॉनव्हिलच्या मिठागरावर पहिला ‘स्पीड वीक’ झाला. १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशनची स्थापना करून ड्रॅग शर्यतींना राष्ट्रीय चौकट दिली.

१२/१२
म्युरॉकचा तळ आज एडवर्ड्स हवाई तळ म्हणून ओळखला जातो आणि सरोवराला रॉजर्स हे नाव आहे. तेथील इतिहास सांगताना विमानांचीच नावे प्रथम येतात. एल मिराजवर मात्र एससीटीएच्या स्पर्धा अजूनही भरतात: तपासणी होते, मोटार एकटीच सुटते आणि मागे उडालेली धूळ खाली बसेपर्यंत पुढचा चालक थांबून राहतो. तो नियम कोणत्याही सरकारने केलेला नाही. धुळीत सोबती गमावलेल्या तरुणांनी तो स्वतःवर घालून घेतला.