तळटीप : टाक्यांची संख्या आणि व्रण

* भवानीनगरच्या फडातला तोडकरी इथे टाके मोजून व्रणाचा अंदाज बांधतो. बारामती-इंदापूरच काय, शहरातही असाच हिशेब चालतो. पण तो चुकीचा आहे. व्रण रुंदावतो तो ताणामुळे. कातडीच्या आतल्या थरात विरघळणारे टाके घालून ताण तिथेच पेलला, की वरच्या बारीक नायलॉनला फक्त कडा जुळवायच्या उरतात. त्या किंचित उचलून ठेवतात, कारण व्रण पुढे खाली बसतो. मग चेहऱ्यावरचे टाके पाचेक दिवसांत निघतात आणि शिडीसारखे आडवे वळ राहत नाहीत. इतक्या लवकर काढले तर जखम उसवेल, हा आक्षेप रास्त आहे. आठवड्याने तिच्यात मूळ बळाच्या जेमतेम ३ टक्के बळ असते. आतले टाके त्यासाठीच. नडगीची कातडी मात्र ताठ, तिथे दोन आठवडे थांबावे लागते. मातीने माखलेली कोयत्याची जखम तर आधी नीट धुतात, प्रसंगी काही दिवस उघडीच ठेवतात, देखणेपण नंतर. टाक्यांवाचूनही कडा जुळतात, याचा जुना दाखला पुण्याचाच. कावसजी नावाच्या माणसाचे नाक कपाळाची कातडी खाली वळवून घडवले, ते १७९४ च्या लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मधल्या वर्णनानुसार टाका न घालता, कात लावून. कातडी देठासकट वळवल्याने कडांवर ओढ फारशी नसावी.