रेल्वेबरोबर आलेली चोरिसाची माळ

ज्युबिलीच्या स्मरणिकेंत देवळाच्या बांधकामाचा, फादरांच्या परिश्रमांचा, शाळेचा व दवाखान्याचा वृत्तांत असावा हें योग्यच आहे, व तो लिहिण्यास आमच्याहून अधिकारी मंडळी पुष्कळ आहेत. आमच्या वांट्यास जो विषय आला आहे तो स्वयंपाकघरांतील असून, त्याचें नांव ऐकून कांहीं वाचक हंसतील. हंसोत बापडे. ज्यांच्या घरीं नाताळच्या आदल्या आठवड्यांत चुलीवरील दांडीस लाल मण्यांची माळ टांगलेली असे, ते हंसणार नाहींत अशी आमची खात्री आहे.

विषय निघण्यास कारण असें घडलें. ज्युबिलीच्या जेवणांत चोरिस, म्हणजे गोमंतकी सॉसेज, असावा कीं नसावा याविषयीं आमच्या मंडळींत बरीच भवति न भवति झाली. रेल्वेंतील जुन्या घराण्यांचें म्हणणें असें कीं, आपल्या वाडवडिलांच्या ताटांतला हा पदार्थ ह्या दिवशीं नसेल तर मग कोणत्या दिवशीं असावयाचा? दुसऱ्या पक्षाचें म्हणणें असें कीं, आज देवळांत येणाऱ्यांपैकीं बहुतेकजण खेड्यापाड्यांतून आलेले मराठी व अहिराणी बोलणारे लोक आहेत. त्यांच्यांतील कित्येकांनीं वराहमांस जन्मांत चाखलेलें नाहीं. तेव्हां हा "आपला" पदार्थ कसा? वाद चालू असतां आम्हांस एक गोष्ट दिसून आली. ती ही कीं, चोरिस खानदेशांत आला कसा व होतो कसा, हें दोन्ही पक्षांतील फारच थोड्यांस ठाऊक होतें.

मांस खारवून, त्यांत मसाला घालून तें आंतड्यांत भरून ठेवण्याची युक्ति फार प्राचीन आहे. होमर कवीच्या ओडिसी काव्यांत चरबी व रक्त भरून विस्तवावर भाजलेल्या बोकडाच्या कोथळ्याचा उल्लेख येतो. इंग्रजी सॉसेज हा शब्द लॅटिन भाषेंतील "खारवलेलें" ह्या अर्थाच्या शब्दापासून निघालेला आहे, त्यावरून ह्या पदार्थांत मुख्य काम मिठाचें आहे हें उघड होतें. पोर्तुगीज लोकांनीं १५१० सालीं गोवें घेतलें, तेव्हां त्यांच्याबरोबर त्यांचा शोरिसु येथें आला. त्यांच्या देशीं त्यांत द्राक्षाची दारू, लसूण व मीठ घालून तो धुरावर धरीत. गोव्यांत द्राक्षें कोठलीं? तेथें माड होता. माडाच्या सुरेपासून केलेला आंबट शिरका दारूच्या जागीं आला. पुढें अमेरिका खंडांतून मिरची आली व तिनें त्या पांढुरक्या मांसास लाल रंग व तिखटपणा दिला. शोरिसूचा चोरिस झाला. आपण ज्यास मोठ्या अभिमानानें गोंयचा चोरिस म्हणतों, त्याची कृति एका खंडांतली, मिरची दुसऱ्या खंडांतली, आणि शिरका मात्र परसांतल्या माडाचा. ह्यांत कमीपणा मानण्याचें कारण नाहीं. पाव, बटाटा, काजू व अननस हे शब्दही आपल्या भाषेंत त्याच लोकांच्या तोंडून आले, व आज त्यांस कोणी परके म्हणत नाहीं.

गोव्यांत हा पदार्थ चैनीसाठीं नव्हे, तर गरजेपोटीं रुजला. पावसाळ्याचे चार महिने समुद्र खवळलेला, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, ताजी मासळी नाहीं. म्हणून पावसापूर्वीं खारी मासळी, सुकें आंबोशीसारखें सामान, लोणचीं व चोरिस यांची बेगमी करून ठेवीत. ह्या बेगमीस कोंकणींत पुरुमेंत म्हणतात, व हाही शब्द पोर्तुगीजच आहे. आमच्या खानदेशांतील गृहिणी चैत्र-वैशाखांत गच्चीवर कुरडया, पापड व ज्वारीचे बिबडे वाळत घालतात, त्यांतील हेतु अगदीं तोच आहे. बिबड्यांची राखण करणारी आजी व चोरिसाची राखण करणारी आजी ह्या दोघींच्या हातांत कावळा हांकण्याची काठी एकच असे.

आतां हा पदार्थ तापीकांठीं कसा आला तें सांगतों. १८५३ सालीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली. १८६५ सालीं थळघाट खुला होऊन ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे नाशिकावरून खानदेशाकडे मोकळी झाली. १८६७ सालीं भुसावळाहून फुटलेला फांटा नागपुरास पोहोंचला व १८७० सालीं जबलपुराकडून मुंबई व कलकत्ता हीं शहरें लोहमार्गानें जोडलीं गेलीं. भुसावळ हें लहानसें गांव. परंतु दोन मार्गांच्या फांट्यावर असल्यामुळें तेथें इंजिनांची शेड, कारखाना व नोकरांच्या चाळी उठल्या. ह्या चाळींत देशोदेशींचे लोक आले. त्यांत अँग्लो-इंडियन होते, मद्रासेकडील होते, आणि गोमंतकीही होते: कोणी इंजिनावर, कोणी गार्डाच्या डब्यांत, कोणी साहेबांच्या स्वयंपाकघरांत, तर कोणी इन्स्टिट्यूटमध्यें व्हायोलिन वाजविणारे. त्यांच्या पेट्यांतून जपमाळ आली, संतांच्या तसबिरी आल्या, व फडक्यांत गुंडाळलेली चोरिसाची माळही आली. लहान लहान मण्यांच्या सुक्या चोरिसास जपमाळेवरून नांव पडलेलें आहे हें वाचकांस ठाऊक असेलच. लहानपणीं आम्ही दोहोंत घोटाळा केल्याबद्दल आजीचा धपाटा खाल्लेला आहे.

मुरगांव बंदरापासून घाटावर येणारी रेल्वे १८८८ च्या सुमारास चालू झाली, तेव्हांपासून गोव्याहून येणाऱ्या पाहुण्याच्या सामानांत चोरिस व शिरक्याची बाटली असावयाचीच. हा ओघ १९५५ सालीं एकाएकीं तुटला. गोवामुक्तीच्या सत्याग्रहावर पोर्तुगिजांनीं गोळीबार केल्यानंतर भारत सरकारनें सरहद्द बंद केली व रेल्वेही थांबली. १९६१ च्या डिसेंबरांत गोवें मुक्त होईपर्यंत हीच स्थिति होती. आमची आजी म्हणे कीं, त्या वर्षांनींच तिला चोरिस करावयास शिकविलें. तोंवर ती फक्त खात होती. आमच्या मतें ही गोष्ट महत्त्वाची आहे. कारण गोव्याहून आलेला चोरिस हा पाहुणा होता. भुसावळच्या चुलीवर वाळलेला चोरिस हा घरचा झाला, व घरचा होतांना त्यानें आपला पोशाखही थोडासा बदलला.

तो बदल असा. माडाचा शिरका मिळेना, म्हणून उसाचा शिरका आला. गोव्याच्या मिरचीऐवजीं नंदुरबारची मिरची आली. ती तिखट असल्यामुळें निम्मी घालून उरलेला रंग काश्मिरी मिरचीनें भरून काढावा लागे. आजीचें प्रमाण आम्हांस अद्यापि पाठ आहे. एक किलो मांसास तीन हिस्से गोळा व एक हिस्सा चरबी, मीठ सुमारें ४० ग्रॅम, मिरच्या वीस-पंचवीस, लसणीचा एक मोठा गड्डा, बोटभर आलें, चमचाभर जिरें, दहा-बारा मिरीं, सहा लवंगा, दालचिनीचा तुकडा व थोडी हळद. मांस यंत्रांत दळावयाचें नाहीं. सुरीनें बोराएवढे तुकडे करावयाचे. त्यांस मीठ चोळून, वर पाटा ठेवून रात्रभर दाबावें म्हणजे पाणी सुटतें. तें पाणी निथळून टाकावें. जितकें पाणी गेलें तितकें आयुष्य वाढलें. मग सर्व मसाला शिरक्यांत वाटून मांसास लावावा. वाटतांना पाण्याचा थेंबही पडूं नये. एक-दोन दिवस थंड जागीं मुरूं द्यावें, रोज एकदां लांकडी पळीनें हलवावें, व मग मीठ आणि शिरका लावून उलटीं करून धुतलेल्या आंतड्यांत भरून दोन-दोन बोटांवर दोऱ्यानें गांठ मारावी. दोन-तीन दिवस ऊन व पुढें चुलीवरील धूर. आंतडीं धुण्याचें काम घरांत कोणासच आवडत नसे, व तें नेहमीं धाकट्या सुनेच्या वांट्यास येई, हेंही इतिहासासाठीं नमूद करून ठेवतों.

ऋतूविषयीं मात्र खानदेशानें गोव्याचें ऐकलें नाहीं. गोव्यांत उन्हाळ्याच्या तोंडीं चोरिस करितात. आमच्याकडे वैशाखांत पारा ४५ अंशांच्या घरांत जातो. आम्हीं स्वतः एकदां हट्टानें मार्चअखेर चोरिस घातला. तिसऱ्या दिवशीं चरबी वितळून जमिनीवर टपकूं लागली, बाहेरून मणी कडक व आंत मऊ राहिले, आणि आठवड्यानें असा वास सुटला कीं सर्व माळ खड्ड्यांत पुरावी लागली. वरची साल लवकर वाळली म्हणजे आंतलें पाणी कोंडतें, हें त्या वेळीं आम्हांस कळलें. डिसेंबर-जानेवारींतील कोरडी, थंड हवा हीच येथें खरी. त्या दिवसांत खानदेशांत चोरिस गोव्याहून चांगला वाळतो, असें आम्ही म्हटलें तर गोमंतकी बंधूंनीं रागावूं नये.

वासाच्या बाबतींत भीड धरूं नये, हेंही सांगणें जरूर आहे. बिघडलेल्या मांसान्नापासून होणाऱ्या एका प्राणघातक विषबाधेस वैद्यक बॉट्युलिझम म्हणतें, व तें नांवच लॅटिनमधील सॉसेजवाचक शब्दावरून पडलें आहे. जर्मनींतील युस्टिनुस केर्नर नांवाच्या वैद्यानें, जो कविही होता, १८२० च्या सुमारास त्या रोगाचें वर्णन प्रसिद्ध केलें. शिवाय वराहमांसांत कृमींचें भय असतें. म्हणून चोरिस कितीही वाळलेला असो, तो पुरता शिजविल्याखेरीज खाऊं नये, आणि वास नसला म्हणजे धोका नाहीं असेंही समजूं नये. हल्लीं ज्यांस चूल नाहीं व आंतडीं मिळत नाहींत, त्यांनीं तोच मसाला लावलेलें मांस लहान लहान पुड्या करून शीतपेटीच्या गोठविण्याच्या कप्प्यांत ठेवावें व लागेल तसें शिजवावें. माळेचा देखावा जातो. चव बरीचशी राहते.

चोरिसाचा खरा गुण पाहुण्यांच्या वेळीं कळतो. रेल्वेच्या घरीं पाहुणा वेळेवर कधींच येत नाहीं. गाडी चार तास उशिरां, रात्रीचे अकरा वाजलेले, दारांत सहा माणसें, व बाजार बंद. अशा वेळीं आजी दांडीवरून एक वीत माळ कापी. मण्यांचीं सालें काढून पातेल्यांत घाली, बुडेल इतकें पाणी ओती, व अर्धा तास मंद आंचेवर ठेवी. पाणी आटलें कीं चरबी आपोआप सुटते. तेलाचा थेंब लागत नाहीं. त्यांत चार मोठे कांदे उभे चिरून व तितकेच बटाटे फोडी करून टाकावे, झांकण ठेवावें, मीठ मुळींच घालूं नये. पाव किलो चोरिसांत आठ माणसें पावाबरोबर पोटभर जेवतात. सकाळीं उरलेल्यांत अंडीं फोडावीं म्हणजे न्याहारी झाली.

दुसरी कृति भाताची. चोरिस वरीलप्रमाणें शिजवून त्याच चरबींत कांदा तांबूस करावा, धुतलेला तांदूळ परतावा व दुप्पट गरम पाणी घालून झांकावें. तिसरी चवळीची: रात्रीं भिजत घातलेली चवळी वेगळी शिजवून चोरिसांत मिसळावी. गोव्यांत ह्यास फेजाद म्हणतात. मोठ्या मेजवानींत हीच सर्वांत परवडते, कारण चवळी मुख्य व मांस नांवापुरतें असतें. चौथी कृति कोणत्याही गोमंतकी घरांत आढळणार नाहीं. ती आमच्या आईची: भरताचीं हिरवीं वांगीं भाजून, ठेंचून, त्यांत शिजलेला चोरिस कालवावयाचा व कळण्याच्या भाकरीबरोबर खावयाचा. ह्या भरतावर आजी प्रथम फार नाराज होती. पुढें तीच मागूं लागली.

उपवासाचे दिवस मात्र कडक पाळले जात. १९६६ सालीं पोप सहावे पौल यांनीं नियमांची फेरमांडणी करून स्थानिक बिशपांस मोकळीक दिली. त्यापूर्वीं वर्षांतील शुक्रवारीं मांस वर्ज्य असे. राखेच्या बुधवारच्या आधीं माळ उतरवून डब्यांत बंद होई, व ईस्टरच्या सकाळीं मिस्साहून परत येतांना रेल्वेच्या चाळींतून एकच वास येई. आतां त्या चाळींतील पुष्कळ घरें पांगलीं आहेत. १९४७ नंतर अँग्लो-इंडियन कुटुंबें विलायतेस व ऑस्ट्रेलियास गेलीं. गोमंतकी मंडळी निवृत्त होऊन मुंबईस वा गांवीं गेलीं. माळ घरीं ओवणारे हात आमच्या माहितींत आतां फार थोडे आहेत, व हें लिहिण्याची घाई त्यामुळेंच आहे.

राहिला वादाचा मुद्दा. आमचे शेजारी हिंदु आहेत, मुसलमान आहेत. चोरिस शिजतांना आजी खिडक्या लावून घेई व शेजाऱ्यांकडे द्यावयाच्या फराळाच्या ताटास त्या दिवशीं हात लावीत नसे. पेत्राला दिसलेल्या दृष्टांतानें, जो प्रेषितांच्या कृत्यांच्या दहाव्या अध्यायांत आहे, आम्हांस कोणत्याही अन्नाची बंदी उरली नाहीं हें खरें. परंतु भावास ठेंच लागेल असें अन्न त्याच्यापुढें ठेवूं नये, असें संत पौल रोमकरांस लिहितो, हेंही तितकेंच खरें. म्हणून आम्हीं मंडळींस असें सुचविलें आहे कीं, चवळीचें एक मोठें पातेलें चोरिसाचें करावें व दुसरें त्याच मसाल्यांत, निराळ्या चुलीवर, निराळ्या पळीनें, कोंबडीचें करावें. आणि पातेल्यांवर काय आहे तें मोठ्या अक्षरांत लिहावें. चोरिसासाठीं मांस डिसेंबरांत मुरत घालावें लागेल. आंतडीं धुण्यास ज्या तरुण मंडळींनीं अद्यापि नांवें दिलीं नाहींत, त्यांनीं तीं लवकर द्यावीं. ह्या खेपेस तें काम केवळ सुनांवर पडणार नाहीं असें ठरलें आहे.