बीज आणि भूमी : डॉ. कमल रणदिवे यांच्या संशोधनाची वाट

मराठी चरित्रवाङ्मयात शास्त्रज्ञ स्त्रीचे चरित्र बहुधा ‘पहिली’ या विशेषणापाशी येऊन थांबते. पदव्या, पदे, पुरस्कार यांची नोंद होते. मात्र तिने कोणता प्रश्न विचारला, हे वाचकाला क्वचितच कळते. डॉ. कमल रणदिवे यांच्याबाबतीत असेच घडले आहे. १९७३ मध्ये भारतीय महिला शास्त्रज्ञ संघटनेच्या स्थापनेत त्यांनी घेतलेला पुढाकार आणि १९८२ मधील ‘पद्मभूषण’ यांचा उल्लेख होतो. पण त्यांच्या संशोधनाच्या गाभ्याशी असलेला प्रश्न बाजूला राहतो. रोग बाहेरून आलेल्या जंतूमुळे होतो, की त्याला थारा देणाऱ्या देहाच्या घडणीमुळे? हा बीज आणि भूमी यांच्या संबंधाचा प्रश्न होय. उदगीरच्या वर्गातील शेतकऱ्यांच्या मुलामुलींना तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही. एकच बियाणे काळ्या रानात आणि मुरमाड माळावर सारखे उगवत नाही.

८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात जन्मलेल्या कमल समर्थ यांचे शिक्षण हुजूरपागेत व फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. मुलीने डॉक्टर व्हावे, ही जीवशास्त्राचे अध्यापक असलेल्या वडिलांची इच्छा होती. मुलीने मात्र वनस्पतिशास्त्राची वाट धरली. १९३९ मध्ये विवाहानंतर त्या मुंबईला आल्या. तेथे टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली काम करून १९४९ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. विषय होता उंदरांमधील स्तनाचा कर्करोग.

या विषयाला एक विलक्षण पार्श्वभूमी होती. १९३६ मध्ये अमेरिकेत जॉन बिटनर यांनी असे दाखवले होते, की कर्करोगप्रवण जातीच्या उंदरांची पिल्ले जन्मताच दुसऱ्या जातीच्या मादीला लावली, तर पुढे त्यांच्यातील स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण पुष्कळच घटते. जे केवळ आनुवंशिक वाटत होते, त्याचा एक भाग दुधातून उतरत होता. दुधातील हा घटक पुढे विषाणू ठरला. हे सारे उंदरांपुरते होते. मानवी मातेच्या दुधाविषयी तसा निष्कर्ष त्यातून निघत नाही. रणदिवे यांचे वैशिष्ट्य असे, की विषाणू सापडला म्हणून त्यांनी आनुवंशिकता आणि संप्रेरके यांच्याकडे पाठ फिरवली नाही. या तिन्हींचा परस्परसंबंध हाच त्यांच्या अभ्यासाचा विषय राहिला.

डॉक्टरेटनंतर त्यांनी बाल्टिमोर येथे जॉर्ज गे यांच्याकडे ऊतिसंवर्धनाचे, म्हणजे पेशी देहाबाहेर जिवंत ठेवून वाढवण्याचे तंत्र आत्मसात केले. मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी या तंत्राची प्रयोगशाळा उभारली. पुढे १९६६ ते १९७० या काळात केंद्राची धुराही त्यांच्याकडे होती.

त्यांच्या कार्यातील सर्वांत उद्बोधक प्रकरण कुष्ठरोगाचे आहे. या रोगाचा जंतू नॉर्वेच्या हान्सेन यांनी १८७३ मध्येच पाहिला होता. परंतु कृत्रिम माध्यमात तो आजवर कोणाला निर्विवादपणे वाढवता आलेला नाही. रुग्णाच्या शरीरातून मिळवलेला एक जंतू वाढवण्यात यश आल्याचे बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केले. केंद्राच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याचे नाव ‘आयसीआरसी’ पडले. पुढील तपासणीत तो कुष्ठरोगाचा जंतू नसून त्याच्याच कुळातला दुसरा जंतू असल्याचे दिसून आले.

यास अपयश म्हणावे काय? गोस्तनाच्या देवीची लस माणसाच्या देवीवर चालते, हे जेन्नर यांनी १७९६ मध्येच दाखवले होते. रोगजंतूच्या नातलगाशी ओळख झाली, तरी देहाची प्रतिकारशक्ती रोगजंतूला ओळखू शकते. १९७९ मध्ये डॉ. एम. जी. देव व सहकाऱ्यांनी याच जंतूपासून कुष्ठरोगाची लस तयार केली. दक्षिण भारतात १९९१ पासून सुमारे १ लाख ७१ हजार लोकांवर निरनिराळ्या लसींची तुलनात्मक चाचणी झाली. तीत या लसीने सुमारे ६५ टक्के, तर बीसीजीने सुमारे ३४ टक्के संरक्षण दिल्याचे आढळले. तरीही ही लस सार्वत्रिक वापरात आली नाही. रोग ओसरला तो प्रामुख्याने बहुविध औषधोपचारामुळे. चरित्रकाराने ही दोन्ही सत्ये सांगावीत. एक झाकून दुसरे उजळ करू नये.

आपल्या भाषेने या रोगाला ‘महारोग’ म्हटले, त्यात पाप पाहिले आणि रुग्णाला गावाबाहेर काढले. त्याच भाषेत वाढलेल्या एका स्त्रीने त्या रोगाकडे पाप म्हणून नव्हे, तर जंतू आणि देह यांच्यातील व्यवहार म्हणून पाहिले. निवृत्तीनंतर अकोले तालुक्यातील आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास करताना तर त्यांनी भूमीकडेच लक्ष वळवले, असे म्हणता येईल. २००१ मध्ये त्यांचे निधन झाले. साहित्यात रोगाचे रूपक शिकवणाऱ्या आम्हा अध्यापकांनी, रूपकाच्या पलीकडे जाणाऱ्या या दृष्टीचीही ओळख विद्यार्थ्यांना करून दिली पाहिजे.