नाव, वजन आणि माहिती : पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोमचा इतिहास व स्त्रियांची आरोग्यसाक्षरता

प्रस्तावना

एखाद्या आजाराचा इतिहास हा बहुधा वैद्यांनी आणि डॉक्टरांनी त्याविषयी काय लिहिले याचा इतिहास असतो. रुग्णाला त्यातील काय सांगितले गेले, याची नोंद क्वचितच आढळते. पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजेच पीसीओएस, या विकाराच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. अनियमित मासिक पाळी, चेहऱ्यावर व अंगावर वाढणारी राठ लव, मुरुमे आणि गर्भधारणेतील अडचण ही त्याची प्रमुख लक्षणे होत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील १० ते १३ टक्के स्त्रियांना हा विकार असतो आणि त्यांपैकी ७० टक्क्यांपर्यंत स्त्रियांना त्याची कल्पनाही नसते.

‘आरोग्यसाक्षरता’ ही संज्ञा अमेरिकेतील आरोग्यशिक्षणतज्ज्ञ स्कॉट सायमंड्स यांनी १९७४ मध्ये वापरली. डॉन नटबीम यांनी २००० मध्ये तिच्या तीन पायऱ्या मांडल्या : माहिती वाचून समजणे, ती संवादातून उपयोगात आणणे आणि तिची चिकित्सा करून स्वतःच्या आरोग्यावर नियंत्रण मिळवणे. या तिन्ही पायऱ्या रुग्णाला मिळणाऱ्या माहितीवर उभ्या असतात. ती माहितीच अपुरी असेल तर काय घडते, हे पीसीओएस आणि शरीराचे वजन यांच्या संबंधाच्या इतिहासातून प्रस्तुत लेखात तपासले आहे.

अंडाशयावर खिळलेली दृष्टी

इटलीतील वैद्य अँटोनिओ व्हॅलिस्नेरी यांनी १७२१ मध्ये एका विवाहित, अपत्यहीन आणि काहीशा स्थूल शेतकरी स्त्रीचे वर्णन केले होते. तिचे अंडाशय नेहमीपेक्षा मोठे, उंचसखल आणि कबुतराच्या अंड्यांसारखे पांढुरके व चकचकीत असल्याचे त्यांनी नोंदवले. १९२१ मध्ये फ्रान्समधील आशार व तिएर यांनी दाढी असणाऱ्या स्त्रियांमधील मधुमेहाचे वर्णन प्रसिद्ध केले. अंडाशय, वजन, लव आणि रक्तातील साखर हे या विकाराचे सारे धागे अशा रीतीने सुटे सुटे उपलब्ध होते. परंतु ते एकत्र गुंफले गेले नव्हते.

१९३५ मध्ये शिकागो येथील आयर्विंग स्टाइन व मायकेल लेव्हेन्थल यांनी सात स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली. या सर्वांची पाळी बंद किंवा अत्यंत अनियमित होती आणि दोन्ही अंडाशय मोठे झालेले होते. शस्त्रक्रियेने अंडाशयाचा काही भाग काढल्यानंतर सातही जणींची पाळी पुन्हा सुरू झाली व दोघींना गर्भधारणा झाली. त्या सातांपैकी सर्वच स्थूल होत्या असे नव्हते. तथापि पुढे ‘स्टाइन-लेव्हेन्थल सिंड्रोम’ या नावाने जे चित्र रूढ झाले, ते स्थूल, लवयुक्त आणि अपत्यहीन स्त्रीचे. मूळ निरीक्षणातील विविधता त्या चित्रात उरली नाही.

उपचारही अंडाशयावरच केंद्रित राहिले. शस्त्रक्रियेनंतर अंडाशयाभोवती ऊती चिकटण्याचा आणि त्यामुळे पुन्हा वंध्यत्व येण्याचा धोका असे. १९६० च्या दशकात क्लोमिफेन हे बीजोत्सर्जनास चालना देणारे औषध उपलब्ध झाल्यावर शस्त्रक्रियेचे महत्त्व कमी झाले. उपचाराचे साधन बदलले तरी प्रश्न मात्र ‘मूल होईल का’ एवढाच राहिला.

नावातील ‘सिस्ट’ या शब्दानेही गैरसमज वाढवला. सोनोग्राफीत दिसणाऱ्या लहान पोकळ्या या रोगट गाठी नसून वाढ अर्धवट थांबलेल्या बीजपुटिका असतात. ‘अंडाशयात गाठी आहेत’ असे ऐकणाऱ्या मुलीच्या मनात मात्र शस्त्रक्रियेची किंवा कर्करोगाची भीती उभी राहते. माहिती देणारा शब्दच येथे अज्ञानाचे कारण ठरतो.

इन्शुलिनचा शोध आणि वजनाचा अर्थ

१९८० मध्ये अमेरिकेतील बर्गन, गिव्हन्स व किताबची यांनी पीसीओएस असणाऱ्या स्त्रियांमध्ये पुरुषी संप्रेरकांचे आधिक्य आणि रक्तातील इन्शुलिनचे आधिक्य यांचा संबंध दाखवून दिला. इन्शुलिनला शरीराचा प्रतिसाद मंदावला की स्वादुपिंड ते अधिक स्रवू लागते. हे जादा इन्शुलिन अंडाशयाला पुरुषी संप्रेरके निर्माण करण्यास प्रवृत्त करते. शिवाय या संप्रेरकांना बांधून ठेवणाऱ्या प्रथिनाची यकृतातील निर्मिती त्यामुळे घटते. १९८९ मध्ये अँड्रिया डुनाइफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा इन्शुलिनरोध स्थूल नसलेल्या रुग्ण स्त्रियांतही आढळतो, असे सिद्ध केले. वजन वाढल्याने तो तीव्र होतो हे खरे. पण वजन हे त्याचे एकमेव कारण नव्हे.

निदानाच्या निकषांतही हेच प्रतिबिंबित झाले. १९९० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या परिषदेत पुढे आलेल्या निकषांत पुरुषी संप्रेरकांचे आधिक्य व बीजोत्सर्जनातील बिघाड यांना स्थान मिळाले. सोनोग्राफीतील अंडाशयाला मिळाले नाही. २००३ च्या रॉटरडॅम परिषदेने अंडाशयाचे स्वरूप हा तिसरा निकष जोडून तिन्हींपैकी कोणतेही दोन पुरेसे मानले. या दोन्ही याद्यांत वजनाचा उल्लेख नाही. जे लक्षण निदानाच्या निकषांत कधी नव्हतेच, तेच समाजाच्या आणि अनेकदा दवाखान्याच्याही नजरेत या विकाराची ओळख बनून राहिले.

सडपातळ स्त्री आणि भारतीय शरीर

या विसंगतीचा फटका सडपातळ स्त्रीला अधिक बसतो. मुंबईतील १५ ते २४ वयोगटातील मुलींच्या २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत रॉटरडॅम निकषांनुसार २२.५ टक्के मुलींना पीसीओएस आढळला. त्यांपैकी ७१.८ टक्के मुली स्थूल नव्हत्या. ‘वजन तर ठीक आहे’ म्हणून घरीच समजूत काढल्या जाणाऱ्या मुलींचे प्रमाण किती मोठे असू शकते, हे या आकड्यावरून लक्षात येते.

वजन ‘ठीक’ आहे म्हणजे काय, हाही प्रश्नच आहे. उंची व वजनाच्या गुणोत्तरावर आधारलेला देहभार निर्देशांक चरबीचे प्रमाण सांगत नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचेच उदाहरण प्रसिद्ध केले. दोघांचाही निर्देशांक २२.३ होता, शरीरातील चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के होती. हे उदाहरण पुरुषांचे असले तरी भारतीय शरीरासाठी पाश्चात्त्य मोजपट्टी अपुरी पडते, हा त्याचा अर्थ स्त्रियांनाही लागू आहे. २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी अतिरिक्त वजनाची मर्यादा २३ व स्थूलतेची २५ अशी खाली आणली.

माहितीची दरी

२०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत पीसीओएसचे निदान झालेल्या १,३८५ स्त्रियांनी भाग घेतला. सुमारे एकतृतीयांश स्त्रियांना निदानासाठी दोन वर्षांहून अधिक काळ लागला आणि जवळजवळ निम्म्या जणींना तीन किंवा अधिक वैद्यकीय व्यावसायिकांकडे जावे लागले. मिळालेल्या माहितीबद्दल समाधान व्यक्त करणाऱ्या स्त्रिया केवळ १५.६ टक्के होत्या. या स्त्रिया अशिक्षित होत्या म्हणून हे घडले असे म्हणता येत नाही. माहिती त्यांच्यापर्यंत नीट पोहोचवलीच गेली नव्हती.

वजनाविषयीचा सल्ला हे याचे ठळक उदाहरण होय. स्थूल स्त्रीने पाच टक्क्यांच्या आसपास वजन कमी केले तरी पाळी व संप्रेरके सुधारू शकतात, हे १९९० च्या दशकातील अभ्यासांतून पुढे आले होते. हे उद्दिष्ट माफक आणि साध्य आहे. प्रत्यक्षात अनेकींच्या वाट्याला येते ते ‘आधी वजन कमी करा’ हे एकच वाक्य. किती, कसे आणि कशासाठी, हे त्यात नसते. असा सल्ला ऐकणाऱ्या स्त्रीला विकार म्हणजे स्वतःच्या आळसाची शिक्षा वाटू लागते आणि ती पुढच्या तपासणीला जाण्याचे टाळते. त्यामुळे मधुमेह, नैराश्य व गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग यांच्या धोक्याकडे दुर्लक्ष होते.

२०१२ मध्ये अमेरिकेतील एका तज्ज्ञ समितीने हे नाव दिशाभूल करणारे असल्याने ते बदलावे, अशी शिफारस केली. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी आणखी पुढचे पाऊल टाकले. वजन मोजण्यापूर्वी स्त्रीची संमती घ्यावी, वजनावरून होणाऱ्या अवहेलनेची जाणीव ठेवावी आणि वजन घटले नाही तरी सकस आहार व व्यायामाचे लाभ असतात हे सांगावे, असे त्यांत नमूद आहे.

समारोप

पीसीओएसचा इतिहास हा दृश्य लक्षणालाच विकार मानण्याचा इतिहास आहे. आधी अंडाशय दिसला, नंतर वजन दिसले. त्यामागील संप्रेरकांची गुंतागुंत उशिरा उमगली आणि स्त्रियांपर्यंत ती त्याहूनही उशिरा पोहोचत आहे. म्हणून आरोग्यसाक्षरता ही केवळ रुग्ण स्त्रीच्या आकलनशक्तीची कसोटी मानणे इतिहासाला धरून होणार नाही. ती सांगणाऱ्याच्या भाषेचीही कसोटी आहे. महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुली नेमक्या या विकाराच्या सुरुवातीच्या वयात असतात. अनियमित पाळी ही लाजेची वा वजनाची नव्हे, तर तपासणीची बाब आहे, एवढे जरी त्यांच्यापर्यंत सोप्या मराठीत पोहोचले, तरी निदानातील काही वर्षे वाचू शकतील.