रक्तक्लथन व वाहिनी-अंतःस्तराचा शोथ
रक्त गोठण्याच्या क्रियेत निर्माण होणारी काही एंझाइमे (जीवरासायनिक विक्रियांचा वेग वाढविणारी प्रथिने) रक्तवाहिन्यांच्या अंतःस्तरातील (आतील अस्तरातील) कोशिकांना उद्दीपित करतात व त्यामुळे शोथाला (दाहयुक्त सुजेला) चालना मिळते. या एंझाइमांत थ्राँबिन प्रमुख आहे. रक्तक्लथन (रक्त गोठणे) व शोथ या दोन स्वतंत्र क्रिया आहेत, असे दीर्घकाळ मानले जात असे. त्या एकमेकींत गुंतलेल्या आहेत हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्पष्ट झाले.

गुठळी आधी की शोथ आधी, हा वाद मात्र जुना आहे. फ्रेंच विकृतिवैज्ञानिक झां क्रूव्हेल्ये (१७९१–१८७४) यांनी नीलेच्या भित्तीचा शोथ हे मूळ कारण व गुठळी हा त्याचा परिणाम मानला होता. जर्मन विकृतिवैज्ञानिक रूडोल्फ फिरखो (१८२१–१९०२) यांनी हे मत अमान्य केले. गुठळी प्रथम निर्माण होऊ शकते आणि भित्तीचा शोथ तिच्यामागून येऊ शकतो, असे त्यांनी प्रयोगांच्या आधारे प्रतिपादिले. त्यांचे या विषयावरील लेखन १८५६ मध्ये एकत्रित प्रसिद्ध झाले. तथापि गुठळीमुळे भित्तीला शोथ का यावा, हे सांगण्याइतके ज्ञान त्या काळी उपलब्ध नव्हते.

रक्तक्लथनाचे रसायनशास्त्र पुढील काळात उलगडत गेले. डोर्पाट (आता एस्टोनियातील तार्तू) येथील आलेक्सांडर श्मिट (१८३१–९४) यांनी फायब्रिन तयार होण्यास एक किण्वासारखा पदार्थ कारणीभूत असल्याचे दाखविले. त्यालाच पुढे थ्राँबिन हे नाव मिळाले. १९०५ मध्ये पाउल मोराव्हिट्स यांनी या विक्रियेची सुसंगत मांडणी केली. तीनुसार इजा झालेल्या ऊतकातील घटक कॅल्शियमाच्या साहाय्याने प्रोथ्राँबिनाचे थ्राँबिनात रूपांतर करतो व थ्राँबिन हे फायब्रिनोजेनापासून फायब्रिनाचे तंतू बनविते. १९६४ मध्ये ब्रिटनमध्ये रॉबर्ट मॅक्फार्लेन आणि अमेरिकेत अर्ल डेव्ही व ऑस्कर रॅटनॉफ यांनी, एक घटक दुसऱ्याला व दुसरा तिसऱ्याला कार्यान्वित करतो, अशी धबधब्यासारखी शृंखला सुचविली. मॅक्फार्लेन यांनीच १९३४ मध्ये बी. बार्नेट यांच्यासमवेत घोणस या सापाच्या विषाचा रक्तस्राव थांबविण्यासाठी उपयोग होऊ शकेल, असे दाखविले होते. या विषातील एक प्रथिन शृंखलेतील दहावा घटक कार्यान्वित करते, हे नंतर समजले.

या सर्व संशोधनात अंतःस्तर हा रक्त वाहून नेणाऱ्या नळीचे निष्क्रिय अस्तर मानला जात होता. १९६४ मध्ये एवाल्ट वाइबेल व जॉर्ज पॅलाडी यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या कोशिकांत दंडाकृती कणिका आढळल्या. १९७३ मध्ये एरिक जॅफी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवी नाळेच्या नीलेतील अंतःस्तर-कोशिकांचे प्रयोगशाळेत संवर्धन केले, तेव्हा थ्राँबिनाचा त्यांच्यावरील परिणाम प्रत्यक्ष तपासता येऊ लागला. थ्राँबिन मिळताच या कोशिका वाहिनी रुंदावणारे प्रोस्टासायक्लिन, तसेच बिंबाणूंना चिकटण्यास मदत करणारा फोन व्हिलेब्रांट घटक बाहेर टाकतात, असे दिसून आले. हा घटक वाइबेल-पॅलाडी कणिकांतच साठविलेला असतो. त्याच कणिकांच्या पटलात पी-सिलेक्टिन हे प्रथिनही असते. थ्राँबिनाच्या उद्दीपनानंतर ते काही मिनिटांतच कोशिकेच्या पृष्ठभागावर येते व पांढऱ्या कोशिका त्याला अडकून भित्तीवर घरंगळू लागतात. काही तासांत पांढऱ्या कोशिकांना आकर्षित करणारी व घट्ट धरून ठेवणारी नवी प्रथिने तयार होतात. अंतःस्तर-कोशिका आकुंचन पावून त्यांच्यात फटी पडतात व रक्तद्रव ऊतकात झिरपतो. शोथाची लाली, सूज, उष्णता व वेदना ही प्राचीन काळापासून ज्ञात लक्षणे अशाच वाहिनीबदलांतून उद्भवतात.

थ्राँबिन हे प्रथिन छेदणारे एंझाइम आहे. त्याने हॉर्मोनाप्रमाणे कोशिकेला संदेश कसा द्यावा, हे कोडे १९९१ मध्ये सुटले. सॅन फ्रॅन्सिस्को येथील शॉन कॉग्लिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी थ्राँबिनाचा ग्राही (संदेश स्वीकारणारे प्रथिन) शोधून काढला. थ्राँबिन या ग्राहीचे बाहेरचे टोक छेदते, त्यामुळे उघडे पडणारे नवे टोक त्याच ग्राहीला चिकटते व त्याला कार्यान्वित करते. म्हणजे कुलपाची किल्ली कुलपालाच बांधलेली असते. थ्राँबिन तिचे वेष्टन तेवढे कापते. या कुलातील आणखी तीन ग्राही १९९८ पर्यंत सापडले. त्यांपैकी दुसऱ्या क्रमांकाच्या ग्राहीला थ्राँबिन नव्हे, तर कार्यान्वित दहावा घटक आणि ऊतक घटक व सातवा घटक यांचे संयुग चालना देतात.

या क्रियेला प्रतिरोधही आहे. चार्ल्स एस्मन व व्हाइट ओवेन यांनी १९८१ च्या सुमारास अंतःस्तरावर थ्राँबोमोड्युलिन असल्याचे दाखविले. त्याला जखडलेले थ्राँबिन फायब्रिन बनविण्याऐवजी प्रथिन सी कार्यान्वित करते व त्यामुळे क्लथन मंदावते. तीव्र शोथात थ्राँबोमोड्युलिन घटते, उलट ऊतक घटक वाढतो. परिणामी शोथाने क्लथन व क्लथनाने शोथ असे दुष्टचक्र सुरू होते. सेप्सिसमध्ये (जंतुसंसर्गाला अनावर प्रतिसाद मिळून इंद्रिये निकामी होण्याच्या विकारात) ते प्राणघातक ठरू शकते.

हे चक्र तोडण्याचे प्रयत्न उद्‌बोधक ठरले आहेत. २००१ मध्ये सेप्सिसच्या १,६९० रुग्णांवरील चाचणीत कार्यान्वित प्रथिन सी दिल्याने मृत्यूचे प्रमाण ३०.८ टक्क्यांवरून २४.७ टक्क्यांवर आले व औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. तथापि रक्तस्रावाचा धोका होताच. पुढील मोठ्या चाचणीत औषध घेणाऱ्यांत २६.४ टक्के, तर न घेणाऱ्यांत २४.२ टक्के मृत्यू आढळल्याने २०११ मध्ये ते बाजारातून मागे घेण्यात आले. २०२० पासून पसरलेल्या कोव्हिड-१९ च्या साथीत फुप्फुसांच्या सूक्ष्म वाहिन्यांत गुठळ्या व अंतःस्तराची हानी एकत्र आढळली. हेपारिनाच्या पूर्ण मात्रेचा लाभ मध्यम आजारी रुग्णांना झाला, अत्यवस्थ रुग्णांना झाला नाही, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांतून दिसले.

जखमेच्या जागी रक्त थांबविणे, जंतूंना अडविणे व पांढऱ्या कोशिकांना बोलाविणे ही कामे एकाच वेळी होणे शरीराच्या हिताचे असते. म्हणूनच थ्राँबिनाचा मार्ग सरसकट बंद केल्यास संरक्षणही नाहीसे होते. क्लथन कायम ठेवून केवळ अंतःस्तराला जाणारा हानिकारक संदेश रोखणे हे या क्षेत्रातील संशोधनाचे एक महत्त्वाचे उद्दिष्ट आहे.