मांजराचं बिऱ्हाड

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माणसाचं बिऱ्हाड टेम्पोत मावतं, मांजराचं मावत नाही. हे मला जरा उशिराच कळलं.

कराडजवळचं मळ्यातलं घर बंद करून मी आईला सांगलीला, भर बाजारपेठेतल्या फ्लॅटवर आणलं. तिच्याबरोबर एक बोका आणि एक भाटी अशी दोन मांजरं आली. दोघंही जन्मभर उसात आणि वैरणीच्या गंजीवर हिंडलेली. आम्ही त्यांना पोत्यातून आणलं. पोत्यात घालून नेलेल्या मांजराला परतीची वाट सापडत नाही, ही आपली जुनी समजूत. दुसऱ्या दिवशी सकाळी दुधासाठी दार उघडलं आणि बोका निसटला. संध्याकाळी तो मोठ्या रस्त्यावर गाडीखाली आलेला दिसला. आई एवढंच म्हणाली, "अरे, तो घराकडं निघाला होता."

त्या रात्री तिनं तिच्या आजीकडून ऐकलेली प्लेगची हकिगत सांगितली. घरात उंदीर पडले, की गाव माळावर झोपड्या बांधून राहायचं. गुरं, कोंबड्या बरोबर यायच्या. मांजरं मात्र रातोरात ओस पडलेल्या घरांत परत जायची.

१८९६ साली मुंबईच्या मांडवी भागात प्लेग आला आणि पुढच्या वर्षी देशावर पसरला. साताऱ्यातल्या नायगावच्या लेकीचा, सावित्रीबाई फुले यांचा, १० मार्च १८९७ रोजी पुण्यात याच साथीत मृत्यू झाला. तेव्हा सांगली हे पटवर्धनांचं संस्थान होतं, तर वाळवा, तासगाव हे तालुके सातारा जिल्ह्यातच होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. प्लेगनं पुढच्या काही दशकांत देशात एक कोटीहून अधिक माणसं नेली.

उंदीर पडले की घर सोडायचं, हे गावकऱ्यांना अनुभवानं ठाऊक होतं. त्यामागचं कारण पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं १८९८ मध्ये कराचीत शोधलं. उंदीर मेला, की त्याच्या अंगावरच्या पिसवा माणसाकडे वळतात. मग अमरावतीचे डॉक्टर, लेफ्टनंट कर्नल ब्युकॅनन, यांनी १९०८ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये मांजरांची बाजू मांडली. ज्या गावांत घरोघर मांजरं आहेत, तिथं प्लेग कमी होतो, असं त्यांचं म्हणणं. आज आपल्याला माहीत आहे, की मांजरालाही प्लेग होतो आणि त्याच्याकडून तो माणसालाही होऊ शकतो. पण मांजर घरात आलं कशासाठी, हे ब्युकॅनन यांनी नेमकं ओळखलं होतं.

ते आलं धान्यापाठोपाठ. कणगीला उंदीर लागले आणि उंदरांमागे मांजर आलं. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वी माणसाशेजारी पुरलेलं मांजर सापडलं आहे, इतकी ही सोबत जुनी. म्हणून कुत्रा धन्यामागे जातो, तर मांजर जागेला धरून राहतं. गावाकडे ते चालून गेलं. रहदारीच्या शहरात तीच ओढ त्याच्या जिवावर उठते.

भाटीच्या बाबतीत आम्ही शहाणे झालो. तिला एकाच खोलीत ठेवलं. मळ्यातली तिची गोधडी न धुता तशीच अंथरली, म्हणजे ओळखीचा वास राहील. खायला रोज ठरल्या वेळी, एकाच हाकेवर. महिनाभरानं बाकीच्या खोल्या उघडल्या. गॅलरीला जाळी ठोकली, लस टोचून घेतली, नसबंदी केली. रस्त्यावर मात्र तिला सोडलं नाही. पहिले आठ दिवस ती रात्रभर दाराशी ओरडायची, तेव्हा आई उठून तिच्याजवळ जाऊन बसायची.

मांजर पिल्लांना सात घरं फिरवतं, असं आपण म्हणतो. पण ती घरं ते स्वतः निवडतं. आपण निवडलेलं घर त्याला आपलं वाटायला दिवस द्यावे लागतात. बोक्याला आम्ही एक दिवसही दिला नाही.

आता भाटी जाळीपाशी बसून खालचा बाजार पाहत असते. शेजारी खुर्ची टाकून आईही पाहत असते. मळ्याची आठवण दोघींनाही येत असणार. पण परवा गावाला जाऊन आल्यावर जिना चढताना आई म्हणाली, "चल लवकर, घरी ती वाट बघत असेल."