स्टॉर्सच्या मुलींचा संघ



स्मरणिकेसाठी 'तिकडचं काहीतरी लिही' असा ग्रुपवर हुकूम झाला. नोकरी, घर आणि बर्फ याबद्दल तुम्ही माझ्याकडून फोनवर पुष्कळ ऐकलं आहे. म्हणून गेली कित्येक वर्षं मी ज्या संघाच्या मागे वेडी आहे, त्या संघाचा इतिहास सांगते.

कनेक्टिकट हे अमेरिकेच्या ईशान्येचं छोटंसं राज्य. हार्टफर्ड ही त्याची राजधानी म्हणजे विमा कंपन्यांचं शहर. त्या कंपन्यांच्या संगणकप्रणाली सांभाळायला जे भारतीय आले, त्यांतलीच मी एक. हार्टफर्डच्या पूर्वेला सुमारे ४० किलोमीटरवर स्टॉर्स नावाचं खेडं आहे. तिथे १८८१ मध्ये शेतकीची शाळा निघाली आणि वाढत वाढत तिचंच कनेक्टिकट विद्यापीठ झालं. सगळे त्याला 'यूकॉन' म्हणतात. आपल्याकडचं राहुरी किंवा दापोली डोळ्यांसमोर आणा. विद्यापीठाच्या गोठ्यातल्या दुधाचं आइस्क्रीम तिथे आजही मिळतं. अशा या आडगावाचं नाव देशभर झालं ते बास्केटबॉलमुळे, आणि त्यातही आधी मुलींच्या बास्केटबॉलमुळे.

याची सुरुवात मैदानावर नाही, कायद्याच्या पुस्तकात झाली. २३ जून १९७२ रोजी अमेरिकेत 'टायटल नाइन' हा कायदा झाला. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलगा-मुलगी असा भेद करता येणार नाही, असं तो सांगतो. कायद्यात खेळांचा वेगळा उल्लेखही नव्हता, पण खेळ हा शिक्षणाचाच भाग, त्यामुळे मैदान, प्रशिक्षक आणि शिष्यवृत्ती यांत मुलींचा वाटा मागता येऊ लागला. यूकॉनच्या मुलींचा बास्केटबॉल संघ १९७४ मध्ये उभा राहिला. हॉकीतल्या मुलींनी तर १९८१ आणि १९८५ मध्ये राष्ट्रीय विजेतेपदही आणलं. बास्केटबॉलचा संघ मात्र हरतच होता. पहिल्या ११ वर्षांत पराभवांपेक्षा विजय जास्त, असा मोसम एकदाच आला.

१९८५ मध्ये जीनो ऑरिएमा हा ३१ वर्षांचा प्रशिक्षक आला. जन्म इटलीतला, वयाच्या सातव्या वर्षी आईवडिलांबरोबर अमेरिकेत आलेला. त्याच्याबरोबर सहायक म्हणून ख्रिस डेली आल्या. पहिल्या मोसमात १२ विजय आणि १५ पराभव. तरी दोघांना कुणी हलवलं नाही. संघाला वेळ मिळाला आणि पुढच्या एकाही मोसमात पराभव विजयांपेक्षा जास्त झाले नाहीत.

राष्ट्रीय स्पर्धा मार्चमध्ये सुरू होते. एक सामना हरला की संघ घरी. शेवटच्या चार संघांच्या फेरीला 'फायनल फोर' म्हणतात. यूकॉनच्या मुली तिथे प्रथम १९९१ मध्ये पोचल्या. आणि २ एप्रिल १९९५ रोजी, म्हणजे आपण दहावीचे पेपर देऊन निकालाच्या धास्तीत सुट्टी घालवत होतो तेव्हा, रिबेका लोबोच्या संघाने बलाढ्य टेनेसीला ७०-६४ असं हरवून पहिलं विजेतेपद मिळवलं. त्या मोसमात ३५ सामने आणि ३५ विजय!

पुढे स्यू बर्ड आणि डायना टॉरासी यांचा काळ आला. २००० ते २००४ या पाच वर्षांत चार विजेतेपदं. २००४ च्या एप्रिलमध्ये मुलांनी जॉर्जिया टेकला हरवलं आणि दुसऱ्याच दिवशी मुलींनी टेनेसीला. एकाच वर्षी बास्केटबॉलची दोन्ही राष्ट्रीय विजेतेपदं एकाच विद्यापीठाकडे, असं पहिल्या श्रेणीत त्याआधी कधी झालं नव्हतं. दहा वर्षांनी, २०१४ मध्ये, यूकॉननेच ते पुन्हा केलं.

मी या संघाच्या नादी लागले ती माया मूरच्या वेळी. २००९ आणि २०१० हे दोन्ही मोसम अपराजित, ३९ पैकी ३९. सलग ९० विजयांची ती मालिका स्टॅनफर्डने डिसेंबर २०१० मध्ये तोडली. मग ब्रियाना स्टुअर्ट आली आणि २०१३ ते २०१६ अशी चारही वर्षं विजेतेपद घेऊन बाहेर पडली. स्टॉर्सच्या दहा हजार आसनांच्या गॅम्पल पॅव्हिलियनमध्ये आजीआजोबा नातींना घेऊन येतात. एखाद्या मुलीने चेंडू सोडून दिला तर आज्या नावानिशी ओरडतात. मला आपल्या मैदानाच्या कठड्यावर बसणाऱ्या मावशींची आठवण होते.

पण या संघाचा खरा इतिहास मला पुढच्या नऊ वर्षांत कळला. २०१७ च्या मार्चपर्यंत सलग १११ विजय झाले होते. उपांत्य सामन्यात समोर होता मिसिसिपी स्टेट. याच संघाला आदल्या वर्षी यूकॉनने ६० गुणांनी धुतलं होतं. सामना जादा वेळेत गेला आणि पाच फूट पाच इंचांच्या मॉर्गन विल्यमने अगदी शेवटच्या क्षणी टाकलेला चेंडू जाळीत पडला. ६६-६४. पुढच्या दोन वर्षी उपांत्य फेरीत नोटर डेमकडून हार. २०२० मध्ये कोविडमुळे स्पर्धाच रद्द. २०२१ मध्ये ॲरिझोनाकडून पराभव. २०२२ चा अंतिम सामना साउथ कॅरोलायनाने नेला. २०२३ मध्ये तर फायनल फोरही हुकली आणि सलग १४ वर्षांची हजेरी मोडली. २०२४ मध्ये आयोवाकडून दोन गुणांनी हार.

२०२१ च्या त्याच स्पर्धेत एक फोटो जगभर फिरला. मुलांच्या संघांना भलीमोठी सुसज्ज व्यायामशाळा, आणि मुलींच्या संघांना डंबेल्सचा एक लहानसा स्टँड! ओरेगनच्या एका खेळाडूने तो प्रकार जगासमोर मांडल्यावर सुधारणा झाली. कायदा होऊन तेव्हा ४९ वर्षं होत आली होती. एकदा मिळालेला हक्कही दरवर्षी मोजून घ्यावा लागतो, हे तेव्हा पटलं.

पेज ब्यूकर्स या हुशार खेळाडूचा २०२२ च्या ऑगस्टमध्ये गुडघ्याचा स्नायुबंध फाटला. अख्खा मोसम गेला. शिष्यवृत्ती, डॉक्टर, व्यायाम, संघातली जागा, सगळं तिच्यासाठी थांबून होतं. ती परतली आणि ६ एप्रिल २०२५ रोजी टाम्पामध्ये यूकॉनने साउथ कॅरोलायनाला ८२-५९ असं हरवून बारावं विजेतेपद मिळवलं. नऊ वर्षांनी.

आता आपल्या शाळेचा मुलींचा खो-खो संघ आठवा. पोलजवळून वळताना पाय न घसरणारी, सूर मारून गडी टिपणारी आपली मैत्रीण आठवा. त्या नऊजणींपैकी दहावीनंतर मैदानात किती राहिल्या? एकही नाही. कॉलेजात मुलींचा संघ नव्हता, घरी संध्याकाळची वेळ ठरलेली होती, आणि गुडघा दुखावला तर 'लग्नाचं काय' हा प्रश्न तयारच होता. त्यांच्यात ब्यूकर्स होती की नव्हती, हे कळायला त्यांना मोसमच मिळाले नाहीत.

संमेलनानिमित्त शाळेला काय द्यायचं यावर ग्रुपवर खल चालू आहे. वॉटर कूलर, प्रोजेक्टर, कमान अशी नावं आली आहेत. माझी सूचना अशी: मुलींच्या खो-खो संघाचा पाच वर्षांचा खर्च आपल्या बॅचने उचलावा. बूट, प्रवासभाडं, सरावानंतरचा खाऊ, शिकवणाऱ्या ताईंचं मानधन आणि दुखापत झालीच तर डॉक्टरांचं बिल. अट एकच. पाच वर्षं होईपर्यंत किती कप आणले, हे कुणी विचारायचं नाही.

माझा वाटा खजिनदारांकडे पाठवते आहे.